खाऱ्या मातीचं छप्पर

शोभाबाई, तुमचं चिनी घरांचं कॅलेंडर अजून माझ्याच भिंतीवर आहे. तुम्ही कडोदऱ्याला गेलात, ते इथंच राहिलं. तुमची गोष्ट लिहून पाठवते. गोष्टीत तुम्हाला 'ती' म्हणते, राग मानू नका. चुकलं असेल ते खोडा. पण मी जन्मभर भूगोल शिकवलाय, घरांबद्दलचं खोडू नका.

सुरतेजवळ भेस्तानच्या एका लूमच्या कारखान्यात शोभाबाई सुताच्या बॉबिन भरायची. त्र्याण्णव साली चीनहून आलेल्या रेशमी सुताच्या खोक्यात एक कॅलेंडर निघालं. शेठ फेकायला निघाला, तिनं मागून घेतलं. बारा महिने, बारा घरं. खाली इंग्रजीत दोन-दोन ओळी. त्या ओळी समोरच्या खोलीत राहणारी मी वाचून दाखवायचे.

एका पानावर पिवळ्या मातीचा डोंगर अन् त्यात कोरलेली कमानीची दारं. वर शेत डोलतंय, खाली माणसं झोपलीत. दुसऱ्यावर गढीएवढं गोल मातीचं घर, आत सगळी भावकी. तिसऱ्यावर भरपूर पावसाच्या मुलखातली, खांबांवर उभी, उतरत्या छपरांची घरं.

लूम खडखडत राहायचे आणि शोभाबाई त्या घरांतून हिंडायची. गोल घरात तिनं नणंदांना एकमेकींपासून लांबच्या खोल्या दिल्या. डोंगरातलं घर स्वतःला ठेवलं. ते तिच्या गावच्यासारखंच होतं. अमळनेरकडे तिचं धाब्याचं, सपाट मातीच्या छपराचं घर: लाकडी कड्यांवर काटक्या, त्यावर निंबाचा पाला, माती, अन् सगळ्यांत वर पांढरी खारी माती. भर वैशाखातही आत रांजणात बसल्यासारखं गार.

इथं पत्र्याची खोली. लहानगी योगिता घामोळ्यांनी रात्रंदिवस रडायची. लेकीला एक दुपार तरी नीट झोप लागावी, एवढंच शोभाबाईच्या डोक्यात होतं.

एक दिवस खाडीकाठी तिला पांढुरकी माती दिसली. गावच्या रीतीनं तिनं चिमूटभर जिभेवर ठेवली. खारट! पाट्यांवर पाट्या आणून तिनं पत्र्यावर पाला आणि माती चढवायला घेतली.

"काय वं, चीनमा जाई ऱ्हायनी का?" नवरा वाल्मिक खालून म्हणाला.

"तू पाटी दे. चीन कोठे शे ते मंग सांगसू."

त्यानं पाटी वर दिली.

ते वीस दिवस काय सांगावेत. खोलीत अंधारी गार हवा, मातीचा वास. योगिता पोटावर हात ठेवून झोपायची. शोभाबाई उशाशी बसून वर चित्रातलं शेत डोलताना ऐकायची. गल्लीतल्या बायका उगीच पदर सावरत आत येऊन बसायच्या.

मग सुरतेचा पाऊस आला. खानदेशात दोन महिन्यांत पडतो तेवढा आठवड्यात. माती चिखल होऊन खाटेवर उतरली. वाल्मिकनं पत्रा खरवडला तर खाली चाळण, मिठानं खाल्लेली. योगिताला पोटाशी धरून शोभाबाई माझ्याकडे आली, ओल्या पदरानं कॅलेंडर पुसत.

"बाई, खांबवाला घरना छप्पर कसा उतरता शे. चित्रमा व्हतं. मी पाह्यंच नही."

मी शिकवायला बसले. तिकडचा खार जमिनीचा, इकडचा समुद्राचा, वगैरे. तिला ते नको होतं. तिला भीती वेगळीच होती: गावची माती ओळखणारी जीभच गेली की काय.

"तुम्ही अमळनेरले जाशात तं मूठभर खारी माती लई या. जीभ चुकनी का माती, ते पाहानं शे माले."

आणते म्हणाले. त्या दिवाळीला माहेरी अमळनेरला गेले, पुढच्याही गेले. एकदा विसरले. दुसऱ्यांदा विसरले नव्हते. मातीची पिशवी घेऊन एसटीत बसायची लाज वाटली, खरं ते सांगते. तोवर तुम्ही उतरत्या कौलांची खोली बघून कडोदऱ्याला गेला होतात, आणि जाताना मातीचं विचारलंही नाहीत.