कोर्टावरचा मांडव

माझी उभी नोकरी एका सिमेंटच्या चौकोनावर गेली. लोणावळ्याच्या अलीकडं, हायवेपासून आत, एक लहानसं कॉलेज आहे. तिथं मी क्रीडाशिक्षक होतो. बास्केटबॉलचा कोच मी आणि गोल्फचाही कोच मीच. गोल्फ ऐकून हसू नका. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना कुणीतरी डोंगरापलीकडच्या गोल्फ कोर्सवर जेवायला बोलावलं, तिथली हिरवळ बघून ते खुळावले आणि दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये म्हणाले, "सर, आपल्याकडं गोल्फची टीम पाहिजे." मी तोवर गोल्फची काठी हातातही धरली नव्हती. झालो कोच! सोमवारी तिथं मेंबर खेळत नाहीत, म्हणून सोमवारी सकाळी आमच्या चार पोरांना मागच्या गेटनं आत सोडायचे. कॉलेजच्या माहितीपत्रकात मात्र पहिल्याच पानावर गोल्फचा फोटो. बास्केटबॉलचा कुठंच नाही.

कोर्ट मात्र माझं होतं. म्हणजे संस्थेचं, पण माझं. मावळातल्या पावसात दरवर्षी त्यावर शेवाळाचा थर चढायचा. दसऱ्याच्या आधी मी आणि टीमच्या पोरी ब्लीचिंग पावडर टाकून ते खराट्यानं घासायचो, नव्यानं रेषा मारायचो. इतकं करून तुळशीचं लग्न लागलं, की आमच्या छातीत धडकी भरायची, कारण लग्नसराई सुरू. संस्था मैदान लग्नांना द्यायची, आणि मैदानात सपाट, स्वच्छ जागा कुठली? आमचं कोर्ट! मांडववाले यायचे, पहारीनं सिमेंट फोडायचे, खांब रोवायचे आणि अक्षता पडल्या की खांब उपटून चालते व्हायचे. भोकं बुजवायची आम्ही. बुजवलेल्या जागी चेंडू नीट उसळत नाही, मेल्यासारखा पडतो. कुठं कुठं तो मरतो, हे आमच्या पोरींना तोंडपाठ होतं.

वाळूनं भरलेल्या ड्रमांत खांब उभे करा, कोर्ट फोडू नका, हे मी इतक्यांदा सांगितलं की शिपाईसुद्धा माझी नक्कल करायचा. अध्यक्ष म्हणायचे, "अहो सर, गोल्फचे कोच तुम्ही, आणि भोकांना काय घाबरता?" सगळी मीटिंग खो खो हसायची. मीही हसायचो. नोकरी होती ना! पण आतून असा जळफळाट व्हायचा, काय सांगू.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी मुलींची टीम कॉलेजांच्या स्पर्धेत पहिल्यांदाच फायनलला गेली आणि फायनल भरवायची पाळीही आमच्याच कॉलेजची आली. आमची कॅप्टन पवनानगरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीतली. आईबाप मजुरीला जाणारे. ती पहिली जीप पकडून प्रॅक्टिसला यायची. तिचंही कॉलेजचं शेवटचं वर्ष. विद्यापीठाची टीम निवडणारे लोक फायनल बघायला येणार होते. त्या टीममध्ये नाव लागलं असतं, तर पुढं खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीची वाट मोकळी होणार होती. नाहीतर घरच्यांनी स्थळ बघून ठेवलेलंच होतं.

"सर, एकच म्याच," ती मला म्हणाली. "तेवढी खेळू द्या. मग बघते माझं लगीन कोण लावतंय ते."

फायनल रविवारी होती. आदल्या दिवशी, शनिवारी, माझा निरोप समारंभ, आणि तो हॉलमध्ये करायचा, असं ठरलेलं. शुक्रवारी अध्यक्षांनी मला गोल्फच्या पोरांबरोबर पुण्याला स्पर्धेला पिटाळलं. तिथं आमची चारही पोरं शेवटून पहिली आली. संध्याकाळी परत येऊन गेटातून आत शिरलो आणि बघतो तर काय!

कोर्टावर मांडव! सोनेरी खांब, लाल गालिचा, रिंगखाली स्टेज, रिंगला झेंडूच्या माळा. मांडव घालणारा धावत आला आणि माझ्या पाया पडला. माझाच जुना खेळाडू, परंदवडीचा. एके काळी माझ्या टीममधला सगळ्यात उंच गडी, आता त्याचा मंडपाचा धंदा.

"सर, तुमचा सत्कार हॉलमधी? आमी काय मेलो का? अध्यक्षसायबांना म्हणलं, फुकाट घालतो, पण सरांसाठी सगळ्यात मोठा मांडव घालतो."

"भोकं पाडलीस?"

"वारा लय हाय, सर. एवढा मोठा मांडव ड्रमवर टिकत न्हाई."

"परवा फायनल आहे रे गाढवा!"

"म्हाईत हाय की. उद्या सांच्याला उतरवतो, शिमीट भरतो, चोपून देतो. परवा सकाळी कोर्ट एकदम चकाचक."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ह्याच गड्यानं माझ्याबरोबर उन्हात बसून हीच भोकं बुजवली होती! मी कपाळावर हात मारून घेतला. आजवर कोर्ट फोडणाऱ्यांना मी शिव्या घातल्या, पण ह्यानं ते प्रेमानं फोडलं होतं. शिवी कुणाला घालू?

शनिवारी सत्कार झाला. फेटा, शाल, श्रीफळ, सगळं. "सरांनी ह्या कोर्टासाठी आयुष्य वेचलं," असं अध्यक्ष गालिच्यावर उभे राहून म्हणाले आणि टाळ्या पडल्या. फायनलच्या आदल्या दिवशी माझ्या पोरी प्रॅक्टिस सोडून, नऊवारी नेसून, पाहुण्यांना पेढे वाटत होत्या.

रविवारी सकाळी पंचानं बुजवलेल्या एका जागेवर बूट टेकवला. बूट रुतला. त्यानं दुसरी जागा बघितली, तिसरी बघितली. सगळीकडं सिमेंट ओलं. मांडववाला गडी फळ्या आणि गोणपाट घेऊन नुसता इकडून तिकडं पळत होता. पंच म्हणाला, "यजमानांना कोर्ट देता आलेलं नाही." समोरच्या टीमला विजयी जाहीर करून तो मोकळा झाला. निवड करणारे चहा प्यायले, लोणावळ्यात चांगली चिक्की कुठं मिळते ते विचारून घेतलं आणि गाडीत बसले. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, खेळात हारजीत चालायचीच." खेळात? अरे, खेळ झाला कुठं?

कॅप्टन बूट पिशवीत भरत होती. तिनं मला दोन शब्द सुनावावेत म्हणून मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ती उठली, माझ्या पाया पडली. "वाईट वाटून घेऊ नका, सर. तुमचा सत्कार मातुर लय भारी झाला." टोमणा असता तर सोसला असता. पोरगी मनापासून बोलत होती.

वैशाखात तिचं लग्न झालं. वाडीत गेलो, तर मांडव त्याच गड्यानं घातलेला, फुकट. मला हाताला धरून तो एका खांबापाशी घेऊन गेला. खांब वाळूनं भरलेल्या ड्रममध्ये उभा होता.

"बघा सर, तुमचं ऐकलं. एक भोक पाडलं न्हाई."

मी अक्षता टाकल्या आणि जेवायला न थांबता जीप पकडली.