जेवली का, हे कुणी विचारलं नाही

सकाळी आम्ही दोघांनी मिळून चादर पिळली. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. तिच्या मनगटात जोर राहिला नव्हता, तरी म्हणाली, "आवो, नीट धरा की. कंपनीत पत्रे असेच धरत होता काय?" मी हसलो. चादर गॅलरीत वाळत घातली आणि दवाखान्याला निघालो. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते.

माझ्या बायकोच्या आतड्याला आतून जखमा होत्या. रोगाचं नाव लांबलचक इंग्रजी, मला कधी म्हणता आलं नाही. रक्त पडायचं. सारखं पळावं लागायचं. चिखलीहून दवाखाना म्हणजे दोन बस. मागं एकदा बसमध्येच तिला आवरलं नाही. मागचा एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मावशी, घरचं घरी उरकून यायचं." तेव्हापासून दवाखान्याची तारीख जवळ आली की ती आधी तीन दिवस जेवणच सोडायची. घोटभर चहा, बास. मी ओरडलो, हात जोडले. म्हणायची, परत तसं होण्यापरास उपाशी मेलेली बरी.

डॉक्टरकडं जायच्या आधी एक मुलगी टॅबवर प्रश्न विचारते. रांगेतच, मोठ्यानं. गेल्या तीन दिवसांत संडासला किती वेळा गेलात? बायकोनं मान खाली घालून सांगितलं, एकदा-दोनदा. रक्त? थोडंसं. पोट दुखतं? सोसवतं. आजूबाजूला परके बापे उभे. बाईमाणूस याहून जास्त काय सांगणार? मुलीनं बोट फिरवलं. टॅबचा पडदा हिरवा झाला, म्हणजे सगळं ठीक.

आत तरुण डॉक्टर. बघितलं ते टॅबकडं, तिच्याकडं नाही. छान सुधारणा आहे म्हणाला, गोळ्या कमी करू, महिन्यानं या.

मी म्हणालो, "साहेब, ही तीन दिवस जेवली न्हाई. पोटात काही न्हाई तर संडासला जाणार काय? जरा पोटाला हात लावून बघा."

त्यानं पेन खाली ठेवलं. "काका, किती शिकलात?"

"चौथी."

"मग डॉक्टरकी आम्हाला करू द्या. पेशंट स्वतः सांगतो ते आम्ही धरतो. नवरा सांगतो ते नाही. आणि जेवणाचा प्रश्न यात नाहीच."

दारातली नर्स तोंडावर हात ठेवून हसली. बायको माझी बाही ओढत होती, चला म्हणून. तिला माझीच लाज वाटत होती की माझी कीव येत होती, कळलं नाही. आम्ही बाहेर आलो. पोटाला हात कुणी लावलाच नाही.

निगडीच्या स्टँडवर ती बाकावर टेकली आणि कलंडली. रिक्षानं परत त्याच दवाखान्यात. आता सगळे धावले. आतडं फाटलंय म्हणाले. मी नुसता भिंतीला टेकून उभा. दुपार कलायच्या आत ती गेली. दिवस बुडताना माती झाली. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुंजीला दिलेली लेक म्हणाली, "अण्णा, आज तरी घरात बसा." मी तोंड धुतलं, बस धरली आणि त्याच रांगेत जाऊन उभा राहिलो.

मुलीनं ओळखलं. "काका, काकू कुठायत?"

"लिही. तीन दिवस उपाशी होती. काल मेली."

तिचा चेहरा उतरला. टॅब वरखाली करून बघितला. हळूच म्हणाली, "काका, असं लिहायला यात जागा नाही."

"मग तुझ्या डॉक्टरला बोलव. जागा करा."

मी तिच्या समोरच्या खुर्चीत बसलो. वॉचमन आला. "भाऊ, मागं लाइन हाय. उठा की."

मी मागं बघितलं. एक बाई पदराखाली पोट आवळून उभी होती. ओठ सुकलेले. मी विचारलं, "ताई, काल जेवलीस का?"

तिनं मान हलवली. नाही.

मी वॉचमनला सांगितलं, "हिचं हे लिहून होईपर्यंत मी उठत न्हाई. उचलून बाहेर टाकलंत तर उद्या परत येईन. परवा पण."