कांद्याच्या वॅगनमागून मद्रास

कॉलेज अर्धवट सोडलं त्या उन्हाळ्यात मी मद्रास पाहिलं. निफाडचे आमचे काका सिंगापूरला कांदा पाठवायचे आणि माल बोटीवर चढवून द्यायला कुणीतरी लागायचं. "मी जातो!" असं मी इतक्या जोरात ओरडलो की काकू हसली. तिला पद्माबद्दल ठाऊक होतं. पद्मा पुण्याला मावशीकडे राहून माझ्याच वर्गात शिकायची. ती मद्रासला परतली आणि दोन महिन्यांत मीही प्रोफेसरांशी भांडून बाहेर पडलो. तिचे वडील मद्रास बंदरावर परदेशी जाणारा भाजीपाला पारखायचे. आमचा कांदाही त्यांच्याच हातात जाणार होता.

काढलेला कांदा पात कापून दहा-बारा दिवस सावलीत सुकवतात. काका लग्नाला गेले होते. मी पाचव्याच दिवशी गोण्या भरायला लावल्या.

वॅगन पुढे गेली, चार दिवसांनी मी मनमाडहून निघालो. दौंडला मद्रास मेल पकडावी, पाणी घरचं न्यावं. रेणिगुंट्याच्या पुढे डब्यातली भाषा बदलते आणि कॉफी झकास होते. सेंट्रलजवळच्या खाणावळीत बारा आण्यांत पानभर जेवण मिळतं. पुरे म्हटलं तरी भात पडतोच.

बंदरावर शेवग्याच्या शेंगांचे भारे, सुरण, ओल्या पोत्यात गुंडाळलेला कढीपत्ता. त्या वासासाठी आजही मी पुन्हा जाईन. पद्माचे अप्पा, वेंकटराव, तंजावरकडचे. मराठी जुनं, हेल तमिळ.

"या कीं. प्रवास बरा जाला?"

त्यांनी गोणीतून कांदा काढला, अंगठ्यानं मान दाबली. दुसरा. तिसरा.

"मान ओली आहे. किती दिवस सुकविलात?"

"बारा."

त्यांनी कांदा हमालाकडे टाकला. त्यानं दाबून पाहिला. "अळुगिडुम, सार." सडेल म्हणे!

"बोटीच्या पोटात इतके दिवस," अप्पा म्हणाले, "अर्धा सडकाच उतरेल."

माझं डोकं फिरलं. "तंजावरला कांदा पिकतो तरी का? निघाले आम्हाला शिकवायला!"

अप्पांचा आवाज काही चढला नाही. "कोतवाल चावडीच्या बाजारात विका. तिथें आजचा माल आजच खातात. आणि सायंकाळी जेवायास या. पद्मानें सांगितलें आहे."

माल पडत्या भावानं गेला. संध्याकाळी बीच स्टेशनवरून तांबरमची विजेची गाडी धरली. खिडकीतून वारा, मधूनच ताडाची झाडं. गाडी संपूच नये असं वाटत होतं, आणि धीरही निघत नव्हता. पद्मा घराच्या फाटकातच उभी होती.

"अप्पांशी भांडलात? शाबास!"

"सुरुवात त्यांनी केली."

"सुरुवात तुमच्या कांद्यानं केली." ती हसली, मग हळू आवाजात म्हणाली, "आज काही विचारू नका. चार दिवस राहा. अप्पांना माणूस कळायला वेळ लागतो. मी बोलते."

मी मान डोलावली. खरंच डोलावली.

सांबारात आमचाच कांदा होता, अप्पांनी दोन शेर आणला होता. "रुचि चांगली हो," ते म्हणाले. "घाई तेवढी जाली."

एवढं गोड बोलतायत, हीच वेळ, असं मला वाटलं. ताकभात पानात असतानाच मी पद्माला मागणी घातली.

त्यांचा हात थांबला. "आधीं जेवा." हात धुतल्यावर त्यांनी टॉवेल माझ्या हाती दिला. "नाही," एवढंच म्हणाले. पद्मा बाहेर आली नाही. दुसऱ्या सकाळी मी रागारागात गाडीत बसलो.

काकांना पाच दिवसांचं खरं सांगितलं. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्याला आता दोन उन्हाळे झाले. मद्रासला दोन दिवस पुरतात असं सगळे सांगतात. ऐकू नका, आठवडा ठेवा. मी परतल्यावर पद्माचं एकच पत्र आलं, तेही दोन ओळींचं: "अप्पांनी चौथ्या दिवशी विचारलं, तो निफाडचा मुलगा अजून इथेच आहे का. मी नाही म्हटलं."