आमच्या पाळीच्या काळ्या भाकरी

उमरगा तालुक्यातल्या ज्या आश्रमात मी सेवेला जाते, तिथं आमटी आणि भात चुलीवर शिजतो, पण भाकरी तिथं होत नाहीत. त्या आसपासच्या गावांतून येतात. दर अमावास्येला एका गावाची पाळी असते. प्रत्येक घरानं आपल्या घरच्या ज्वारीच्या, जमतील तेवढ्या भाकरी आणायच्या आणि ओसरीत अंथरलेल्या धोतरावर एकत्र टाकायच्या. कुणाच्या कोणत्या, हे विचारायचं नाही. वाढणाऱ्यानं हाताला येईल ती वाढायची, निवडायची नाही.

कॉलेजात असताना मी याच आश्रमाच्या अभ्यासिकेत बसायचे. आमचं घर एका खोलीचं, आणि आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिलीच. ती जागा मिळाली नसती तर शिक्षण अर्ध्यावरच राहिलं असतं. आता शाळेत शिकवते, पण सुटी असली की जाते. अंगण झाडते, गोठ्यातलं शेण काढते, डाळ निवडते. डाळ निवडता निवडता बायांची बोलणी मराठीतून कानडीत कधी जातात ते कळतही नाही. सेवा म्हणजे काहीतरी मोठं असेल असं मला आधी वाटायचं. खरं तर सेवेचा बहुतेक वेळ ओलं फडकं पिळण्यात जातो, आणि मन शांत होतं ते त्यातच.

यंदा आमच्या गावाची पाळी अवकाळीनंतर आली. काढणीला आलेली आमची ज्वारी भिजून काळी पडली होती. ज्यांच्याकडं गेल्या सालची होती, त्यांच्या भाकरी पांढऱ्या होणार होत्या. आमच्याकडं जुनी नव्हती.

"दुकानातनं पीठ आणू का?" मी आईला विचारलं.

"पाळीला इकतचं पीठ? घरचंच लागतंय." तिनं काळ्या पिठाच्याच भाकरी थापल्या. पण आश्रमात पोचल्यावर गाठोडं धोतरापर्यंत नेलंच नाही. खांबामागं ठेवलं आणि मला हळूच म्हणाली, "गाईला घाल ह्या. गावाम्होरं आपलं हसं नको."

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या अक्कांनी ते पाहिलं. "काय ओ, ते गाठोडं तिथं अंडी उबवायला ठिवलंय का?"

आई ओशाळली. "काळ्या हाईत, अक्का. गाईसाठी आणल्यात."

"गाईला कडबा हाय. पाळी गावाची, तर गावात पिकलं ते धोतरावर." अक्कांनी गाठ सोडली आणि सगळ्या ढिगात पालथ्या केल्या. लांबूनही आमच्या ओळखू येत होत्या.

पंगत बसली. भाकरी वाढायची टोपली माझ्याकडं आली. आई बायांच्या रांगेत पदर पुढं ओढून बसली, पण लक्ष सगळं माझ्या टोपलीकडं. पुरुषांच्या रांगेत एका पांढऱ्याशुभ्र कपड्यातल्या पाहुण्यापुढं मी आले, आणि हाताला काळीच लागली. खालची पांढरी ओढावी असं क्षणभर वाटलं. आईकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली होती. मी काळी वाढली.

पाहुण्यानं ती उलटून पाहिली. "अवकाळीत घावली वाटतं."

"व्हय," मी म्हणाले.

"आमच्या शिवारात तर एवढीबी न्हाय राहिली. उभं पीक आडवं झालं." त्यांनी भाकरी आमटीत कुस्करली आणि वर आणखी आमटी मागितली.

शेजारचे म्हातारे ओरडले, "ओ पाहुणं, समदी आमटी तुमीच पिताव का? इकडंबी फिरू द्या की भांडं!"

रांग हसली. भाकरीकडं कुणाचंच ध्यान नव्हतं. भूक लागलेली माणसं जेवत होती, एवढंच. आमच्या भाकरी आणखी चार ताटांत गेल्या, त्याही संपल्या.

बायांच्या रांगेत आईच्या ताटात कुणाच्या तरी घरची पांढरी भाकरी पडली. तिनं पहिला तुकडा मोडला, चावला आणि शेजारणीला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कडा कच्च्या हाईत की गं हिच्या. तव्याम्होरं दम धरवत न्हाय आताच्या पोरींना."

"अवो, कुणाची ते विचारू नये म्हणत्यात," शेजारीण हसत म्हणाली.

"इचारलं कुठं म्या? कच्ची हाय, एवढंच म्हणले." मग पदर मागं सारून माझ्याकडं वळली. "बघतीस काय नुसती? भात आण."