आठ पेशींचं आमचं लेकरू

ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहितेय, त्याचा फोटो नाही.

नाव नाही. जन्मतारीख नाही. मुलगा की मुलगी, तेही माहीत नाही. आठ पेशी होत्या, एवढंच माहीत आहे.

आज चार वर्षं झाली.

सगळे डॉक्टर, सगळे नवस करून झाले होते. शेवटी नागपूरला टेस्ट ट्यूब बेबीचं ठरलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं, "अंडी संपत आलीत. हा शेवटचा चान्स समजा."

एकच गर्भ तयार झाला. एकच.

त्याला लॅबमध्ये काचेच्या बशीत ठेवून आम्ही मुर्रीला घरी आलो. पाचव्या दिवशी तो माझ्या पोटात सोडायचा होता.

आता गंमत ऐका. गर्भ नागपुरात आणि पथ्य माझं मुर्रीत!

पपई बंद. जिना बंद. सासूबाई दारातून ओरडल्या, "स्कुटीवर कायले जाऊन राहिली वो? धक्का लागंल ना त्याले!"

आणि मी बी.एस्सी. झालेली बाई, मुकाट्याने स्कुटी स्टँडला लावली.

तिसऱ्या दिवशी लॅबच्या मॅडमचा फोन आला. "आठ पेशी झाल्यात. छान दिसतोय."

पाचव्या दिवशी आम्ही पोहोचलो, तेव्हाही आठच.

मॅडम खुर्ची ओढून समोर बसल्या. म्हणाल्या, "सुरुवातीला गर्भ आईच्या अंड्यातल्या शिदोरीवर चालतो. दोन-तीन दिवसांत ती संपत येते. मग त्याचे स्वतःचे जीन चालू व्हावे लागतात. कोणता कधी चालू, कोणता बंद, त्यावरच पुढचं सगळं ठरतं. कोणत्या पेशींचं बाळ, कोणत्यांची बाळाला पोसणारी वार, सगळं. याचे नीट चालूच झाले नाहीत असं दिसतंय."

"म्हणजे माझी शिदोरी कमी पडली?"

"कधी अंड्यातच कमी असतं, कधी क्रोमोसोमचा घोळ असतो, कधी कळतच नाही. पण तुम्ही काही केलंत म्हणून झालेलं नाही. एवढं नक्की."

मी हात जोडले. अक्षरशः हात जोडले.

"मॅडम, अजून एक दिवस ठेवा ना. उशिरा चालू होतील. आमच्याकडे लोडशेडिंगची लाइट नाही का उशिरा येत?"

त्यांनी ठेवला.

दुसऱ्या दिवशी घरी फोन आला. नाही झाले चालू.

आता करायचं काय? ही मौत तर कोणी मानत नाही. सुतक नाही, तेरवी नाही. नवरा बूट घालून ऑफिसला निघाला. म्हणाला, "सुट्टी काय सांगून मागू?"

सासूबाईंनी तांदूळ धुवून ठेवले होते. त्यांनी ते झाकले, गॅसचं बटण बंद केलं आणि म्हणाल्या, "आज आपल्या घरी चूल नाही पेटाची."

आमच्याकडे घरात मयत झाली की चूल पेटत नाही. शेजारचे जेवण आणतात.

त्या स्वतः शेजारच्या भाभींच्या दारात जाऊन सांगून आल्या. भाभी घाबरून धावत आल्या. "अम्मा, कौन गुजर गया?" घरची सगळी माणसं तर समोर उभी.

सासूबाई म्हणाल्या, "आमचं लेकरू गेलं."

तोपर्यंत मी रडले नव्हते. मग रडले. भाभींनी दुपारी वरण-भात आणून दिला. नवराही त्या दिवशी ऑफिसला गेला नाही.

तेव्हापासून दरवर्षी ही तारीख सासूबाईच लक्षात ठेवायच्या, गॅस बंद ठेवायच्या.

यंदा त्या गेल्या. त्यांचा फोटो आहे, फोटोला हार आहे, तेरवीला अख्खी मुर्री जेवली.

आज सकाळी नवऱ्याने चहा मागितला. मी म्हटलं, "आज गॅस नाही पेटवायचा."

"काऊन?"

विसरला होता. मी भांडले नाही. भांडायला त्राण नव्हतं. पण एकदम वाटलं, आता मी मेले की संपलं. ते लेकरू होतं हे सांगणारंसुद्धा कोणी राहणार नाही.

म्हणून तुम्हाला सांगतेय. लाइक नका करू. फक्त आमच्या घरातलं एक माणूस म्हणून धरा त्याला.

बाळा, तुझी आजी यंदा तिकडे आली आहे. आवाज मोठा आहे तिचा, लगेच ओळखशील. तुला सगळ्यांत आधी आमचं म्हणणारी तीच.

तिच्याजवळ राहा. मी येईपर्यंत.