फायटरनं अन्न टाकलं

सलूनवाल्याला सगळे रेडिओ म्हणायचे. त्याला त्याचा राग नव्हता. त्याची कैची बोलण्याच्या तालावर चालायची आणि गोष्ट रंगात आली की एखाद्याचे कल्ले वरखाली व्हायचे. पण गोष्ट अर्धवट टाकून खुर्चीतून उठायला कुणी तयार नसायचं.

एकदा त्याच्या मनात आलं, दुकानात काहीतरी जिवंत पाहिजे. त्यानं फायटर मासा आणला. निळाजांभळा, झालरीसारख्या लांब परांचा. पावडरचे डबे बाजूला सारून त्याची काचेची टाकी आरशाला अगदी चिकटवून ठेवली. एका माशाच्या खर्चात दोन दिसतात, हा त्यातला हिशेब.

माशानं पहिल्याच दिवशी मैदान मारलं. कल्ले फुगवून, पर पसरून तो असा काही मिरवायचा की फेस लावलेली गिऱ्हाइकंसुद्धा मान वळवायची. "काय ऐट आहे!" म्हणायची. रेडिओ अशा थाटात मान डोलवायचा, जणू ती ऐट त्यानंच शिकवली होती.

मग हळूहळू मासा उतरला. रंग उडाला, पर ओल्या छत्रीसारखे मिटले आणि त्यानं अन्न टाकलं. दाणा नाकासमोरून खाली जायचा, तरी हा ढिम्म.

सलूनमध्ये वैद्यांना काय तोटा! शिंपी म्हणाला, "थंडी बाधली." पोस्टमन म्हणाला, "नजर लागली." निवृत्त मास्तरांनी खोकून सांगितलं, "एकटा आहे. जोडीदार हवा." रेडिओनं प्रत्येकाचं ऐकलं, फक्त जोडीदार तेवढा आणला नाही. टाकीत कोमट पाणी घातलं, मीठ घातलं, रोज सगळं पाणी उपसून नवं भरलं. मासा आणखी मलूल झाला.

शेवटी तो टाक्या विकणाऱ्या बाईंकडे गेला. पाण्याचा नमुना बाटलीत नेला होता. बाईंनी त्यात कागदाची पट्टी बुडवली आणि एकेक विचारायला सुरुवात केली.

"अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आहेत?"

"नाहीत."

"सारखा वर येऊन धापा टाकतो?"

"छे."

"कल्ले लाल झालेत?"

"कल्ल्यांचं तुम्ही मला विचारता? आयुष्य गेलं माझं कल्ल्यांत!"

"माशाचे विचारतेय."

"नाही, लाल नाहीत."

बाईंनी पट्टी उजेडात धरली. "पाणी ठीक आहे. फक्त रोज सगळं बदलू नका, थोडं थोडं बदला. हा रोग दिसत नाही मला. ताण आहे."

"ताण? त्याला ना नोकरी, ना सासुरवाडी!"

"तो जिथे असतो तिथे दिवसभर काय चालतं, ते बघा."

रेडिओ रस्ताभर विचार करत आला. दुकानात दिवसभर चालतं ते एकच, आपलं तोंड. दुसऱ्या दिवसापासून त्यानं तोंडाला कुलूप घातलं.

दुकानात अशी शांतता कुणी अनुभवली नव्हती. मास्तरांना कानाशी कैचीचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला आणि ते दचकून खुर्चीतून अर्धे उठले. शिंप्याला ती शांतता सोसेना म्हणून तो स्वतःच बोलत सुटला आणि मेव्हण्याशी झालेलं भांडण, जे घरातही कुणाला ठाऊक नव्हतं, भर दुकानात ओकून बसला. पोस्टमननं हळूच विचारलं, "डॉक्टरांनी काही सांगितलंय का रे तुला?" रेडिओनं फक्त टाकीकडे बोट दाखवलं. पोस्टमनला काही कळलं नाही, पण तो जाताना त्याच्या खांद्यावर थोपटून गेला.

पण दिवसभर तुंबलेलं पाणी कुठेतरी वाट काढणारच. ते घरी फुटायचं. त्याची बायको बालवाडीत शिकवायची. पोरांनी कान खाल्लेले, घरी आल्यावर तिला घटकाभर शांतता हवी असायची. आता हा जेवताना बोले, भांडी घासताना बोले, ती अंघोळीला गेली तर बंद दाराला उद्देशून बोले.

"तो मासा बरा झाला नाही, तर मी माहेरी जाईन," ती म्हणाली आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच दुकानात येऊन थडकली. खुर्चीत बसली, टाकीकडे टक लावून पाहत राहिली.

मासा तळाशी पडला होता. थोड्या वेळानं तो कसाबसा आरशाच्या बाजूला सरकला. लगेच त्यानं कल्ले फुगवले, पर ताणले, काचेवर धडक मारली आणि दमून पुन्हा खाली बसला.

"अहो, हा भांडतोय कुणाशी?"

"भांडत नाही गं, ऐट दाखवतो. पहिल्यापासून सवय आहे."

"कुणाला दाखवतो? समोर दुसरा फायटर आहे की!"

"तो? तो आरसा..." रेडिओचं वाक्य जन्मात पहिल्यांदा आपणहून अर्धवट राहिलं.

"दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत वैरी छातीवर उभा. हा कल्ले फुगवतो, तर तोही फुगवतो. हा दमतो, तो हटत नाही. घास उतरेल का घशाखाली?"

तिनं वर्तमानपत्राची घडी करून टाकी आणि आरसा यांच्यामध्ये सरकवली. रेडिओनं टाकीच उचलून खिडकीजवळच्या फळीवर नेली.

लगेच चमत्कार वगैरे झाला नाही. आधी पर सैल पडले. मग एका सकाळी दाणा पडता पडताच गट्टम झाला. रंगही परतला. आणि पुढे त्यानं पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधलं, तेव्हा टाकीवाल्या बाई म्हणाल्या, "आता काळजी सोडा." रेडिओ इतका खूश झाला की त्या दिवशी त्यानं मास्तरांची दाढी एका बाजूनं दोनदा केली.

काही दिवसांनी बायको घराची किल्ली न्यायला दुकानात आली, तर आत गोष्ट ऐन भरात होती. "...मी खुर्चीत बसलो, निरखून पाहिलं आणि म्हटलं, अरे, हा भांडतोय कुणाशी?" तेवढ्यात तिचा चेहरा आरशात दिसला. वस्तरा हवेत थांबला.

"म्हणजे," रेडिओ म्हणाला, "त्या वेळी हीसुद्धा होती."

खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं एक डोळा उघडून दोघांकडे पाहिलं. बायकोनं खुंटीवरची किल्ली काढली.

"चालू द्या," ती म्हणाली. "सगळं इथेच बोलून या."