मागच्या गेटची हजेरी

इंद्रायणी थेरगावहून चाकणला येते आणि आल्या आल्या कुणाशी बोलत नाही. आधी कंप्युटर, मग चहा, मग माणसं. शेजारच्या टेबलावरून मी हे इतकी वर्षं बघतोय की आता रागही येत नाही. कंपनीत पर्ल ही प्रोग्रामिंगची जुनी भाषा येणारी ती एकटीच. कुणीतरी कधीकाळी त्या भाषेत लिहून ठेवलेली एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, ती पोटच्या पोरासारखी सांभाळते. नवी मुलं हसतात. हसोत बापडी.

स्क्रिप्टचं काम साधं. एक फाइल मेन गेटच्या मशिनवरच्या पंचिंगची, दुसरी सुपरवायझरांनी भरलेल्या हजेरीची. पहिलीतले कामगारांचे टोकन नंबर लक्षात ठेवायचे, दुसरीतली एकेक ओळ त्यांच्याशी ताडून पाहायची आणि हजेरीत असून गेटवर नसलेलं नाव बाहेर काढायचं. यंदा अजिंक्यसर मॅनेजर होऊन आले, त्यांनी कँटीनची कंत्राटी माणसंही त्यात घेतली. नाव निघालं की माणूस बोगस, त्याला कमी करा, असा त्यांचा हुकूम.

पहिल्याच महिन्यात नाव निघालं कँटीनमधल्या कुशाबाईचं. महिनाभर हजर, पण गेटवर एकदाही नाही.

कुशाबाई बोगस तर मग इथं खरं कोण, असं मी फणकाऱ्यानं बोललो. इंद्रायणीनं स्क्रिप्ट पुन्हा चालवली. तेच नाव. मग ती खुर्चीवरून उठली आणि तडक कँटीनमध्ये गेली. मीही मागोमाग गेलो.

कुशाबाई भांडी विसळत होती. कुठून येता, असं विचारल्यावर तिनं ओल्या हातानं मागचं बारकं गेट दाखवलं. कंपनी व्हायच्या आधी तिथं तिच्या सासऱ्यांचं रान होतं. बांधावरचा म्हसोबा कंपनीनं कंपाउंडच्या आत तसाच ठेवलाय. ती त्याच जुन्या वाटेनं येते, देवाला फूल वाहते आणि कामाला लागते. वॉचमन गावचाच, तो कडी काढतो. मशिन तिथं नाही.

“मोठ्या गेटनं या, आसं आमाला कुणी सांगितलंच न्हाई,” ती म्हणाली. “आता काढणार का मला?”

 इंद्रायणी सरळ सरांच्या केबिनमध्ये गेली, मीही बरोबर गेलो.

सर वाईट माणूस नव्हेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि तोडगाही काढला: स्क्रिप्टमध्ये एक ओळ घाला, बाईंचा नंबर वगळा, झालं. मलाही ते पटलं. इंद्रायणी मात्र अडून बसली.

“ओळ घातली की नाव निघणार नाही, सर. पण बाई आल्या होत्या, हे तरी कुठं दिसणार? उद्या दुसरं कुणी विचारलं तर? तिथं मशिन बसवा.”

सर कुरकुरले, पण मशिन बसलं.

पहिल्या दिवशी आम्ही दोघं मुद्दाम मागच्या गेटवर गेलो. कुशाबाईनं बोट पदराला पुसून मशिनवर टेकवलं. हिरवा दिवा लागला. मशिनकडे बघत ती इंद्रायणीला म्हणाली, “म्हंजी इतकी वर्सं मी येत व्हते, ते आजपास्नं खरं.”